काटेसाहेब आणि हिरव्या मसुराचं पोतं

काटेसाहेबांचं आडनाव काटे नव्हतं. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात ते निरीक्षक होते. ते बाजारात शिरले की दुकानादुकानांतल्या तराजूंचे काटे आपोआप शिस्तीत उभे राहायचे. म्हणून आधी दुकानदारांनी, मग शेजाऱ्यांनी आणि शेवटी टपालवाल्यानेही त्यांना काटेसाहेब करून टाकलं. दारावरच्या पाटीवर त्यांचं खरं आडनाव स्वच्छ अक्षरांत होतं. ते वाचून नवी माणसं बेल वाजवायची आणि विचारायची, "काटेसाहेबांचं घर कुठलं हो?"

माणूस अतिशय सचोटीचा. भाजीवालीने चार मिरच्या जास्त टाकल्या तर त्या परत करणारा. अशा माणसाने घरी किलोभर मसूर मागवावा आणि दारात पोतं येऊन पडावं, याला काय म्हणायचं? शेजारी हसले, पण काटेसाहेबांना ते फार लागलं. आचाऱ्याच्या घरी उपासमार व्हावी तसंच झालं म्हणायचं.

झालं ते असं. काटेवहिनी, म्हणजे साहेबांची बायको, पोहायला शिकवायच्या. अर्ध्या गावाला त्यांनी पाण्यावर तरंगायला शिकवलं होतं, ओल्या काठावरून वर्षानुवर्षं धावल्या होत्या. आणि घसरल्या कुठे, तर बँकेच्या ठणठणीत कोरड्या फरशीवर. उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला. त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, त्याच आठवड्यात वहिनींचे वडील इस्पितळातून सुटले आणि थेट यांच्याकडे राहायला आले.

हे सासरे, साहेब त्यांना मामा म्हणत, जन्मभर नाटकात पडद्याआड उभं राहून नटांना वाक्यं पुरवायचे. त्यांना स्वतःला मोठ्याने बोलायची सवयच नव्हती, जे बोलायचे ते कुजबुजीत. पण ती कुजबूज अशी की हव्या त्या माणसाला नेमकी ऐकू जाई आणि शेजारच्याला पत्ता लागत नसे. समोरचा माणूस बोलताना अडखळला की मामा सवयीने पुढचा शब्द पुरवायचे. वाण्याला, डॉक्टरला, कुणालाही. सासूबाई गेल्यापासून ते एकटेच राहत आणि चहा-बिस्किटांवर दिवस काढत. व्हायचं तेच झालं. छातीत कफ धरला, अंगातली ताकद गेली. इस्पितळातून सोडताना डॉक्टर म्हणाले, "माझी औषधं संपली. आता यांना जेवायला घाला. डाळी, कडधान्यं. हिरवा मसूर मिळाला तर फारच छान."

पण मामांची जेवणावरची वासनाच उडाली होती. ताट समोर आलं की ते त्याच्याकडे असं बघायचे, जणू ते दुसऱ्याच कुणाचं आहे.

"तू काळजी करू नकोस," साहेब बायकोला म्हणाले. "स्वयंपाक म्हणजे शेवटी काय? वजन, माप आणि वेळ. माझाच विषय."

वहिनी काही बोलल्या नाहीत. पोहायला आलेलं नवं पोर 'मला सगळं येतं' म्हणालं की त्या अशाच गप्प राहायच्या आणि त्याला खोल बाजूला सोडायच्या.

कोपऱ्यावरच्या वाण्याकडे लाल मसूर होता. हिरवा म्हटल्यावर तो म्हणाला, "म्हणजे मूग ना?" साहेब म्हणाले, "मूग नव्हे, मसूर." वाणी म्हणाला, "मसूर लाल." साहेब म्हणाले, "हिरवाही असतो." वाण्याने त्यांच्याकडे दयेने पाहिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. शेवटी साहेबांनी मोबाईलवरून मागवला. हिरव्या मसुराचं चित्र दिसलं, त्याखाली 'एक' असा आकडा दिसला, त्यांनी बटण दाबलं. आकड्याच्या पुढे बारीक अक्षरांत एकक लिहिलेलं होतं. दुसऱ्यांच्या मालावरचं एकक भिंग लावून वाचणाऱ्या साहेबांनी स्वतःच्या मालावरचं एकक तेवढं वाचलं नाही. ते होतं 'पोतं'.

पोतं आणणारा माणूस ते जिन्याच्या तोंडाशी टेकवून, घाम पुसून निघूनही गेला. साहेबांनी कंपनीला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एक गोड आवाज म्हणाला, "सर, खाद्यपदार्थ परत घेतले जात नाहीत. आपला दिवस आनंदात जावो."

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. हे गृहस्थ नियमांचे मोठे भोक्ते. दुसरा माणूस जेवणानंतर सुपारी चघळतो, तसे हे नियम चघळत. त्यांनी पोत्याभोवती एक फेरी मारली.

"जिन्यात काय ठेवावं याचा नियम आहे, काटेसाहेब. कुंडी चालते. चपलांचा स्टँड चालतो. पोत्याचा उल्लेख नाही."

"उल्लेख नाही म्हणजे मनाई नाही."

"उल्लेख नाही म्हणजे परवानगी नाही," सेक्रेटरी समाधानाने म्हणाले. मग आवाज खाली आणून, "चुकून आलं वाटतं?"

इथे साहेबांनी 'हो' म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण वजनमापं खात्याचा निरीक्षक मापात चुकला, हे सेक्रेटरींच्या तोंडी देणं म्हणजे वर्तमानपत्रात छापून आणण्यासारखंच.

"चुकून कसं येईल? मुद्दाम मागवलंय. घाऊक. आमच्याकडे आता रोज हाच."

झालं. शब्द तोंडातून गेला. पोतं ओढत ओढत घरात आलं, फ्रीज आणि खिडकीच्या मधे बसलं, आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघरात जाणारा प्रत्येक माणूस अंग चोरून जाऊ लागला.

बातमी इमारतीत पसरली आणि सल्ले येऊ लागले. सेक्रेटरी म्हणाले, "रात्रभर भिजत घाला, नाहीतर पोट धरून बसाल." तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "भिजवायचा अजिबात नाही, चव जाते. मीठ आधी घाला." सेक्रेटरींच्या पत्नी म्हणाल्या, "मीठ आधी घातलंत तर जन्मात शिजणार नाही." जिन्यात भेटलेले एक अनोळखी गृहस्थ म्हणाले, "मी पाहुणा आहे इथे, पण सोडा घाला." साहेबांनी सगळ्यांचं आदराने ऐकून घेतलं. वहिनी आतून सांगायला आल्या, तेव्हा मात्र ते म्हणाले, "तू आराम कर. डॉक्टरांनी हात हलवू नकोस म्हटलंय."

"तोंड हलवू नकोस असं नाही म्हटलं," वहिनी म्हणाल्या. पण जाऊन बसल्या.

साहेबांनी कुकर काढला. आता घरात एक अडचण होती. मामांचा आवाज आतल्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत पोचत नसे. म्हणून वहिनींनी आपली तलावावरची शिट्टी त्यांच्या गळ्यात अडकवली होती. काही हवं असलं की बाबांनी शिट्टी वाजवायची. योजना उत्तम होती, फक्त कुकरही त्याच भाषेत बोलतो हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पहिल्या दिवशी कुकरने शिट्टी दिली. साहेब पाण्याचा पेला घेऊन मामांकडे धावले. मामांनी मान हलवली, नको. साहेब परतले, पुन्हा शिट्टी. पुन्हा धावले, या वेळी औषध घेऊन. मग उशी घेऊन. मामा बिचारे दर वेळी नम्रपणे नको म्हणत राहिले आणि कुकर बिचारा दर वेळी वाजत राहिला. अखेर झाकण उघडलं तेव्हा आत मसूर असा नव्हताच. हिरवट राखाडी लुकण होतं, ज्याने खिडकीच्या काचा बसवता आल्या असत्या. साहेबांनी त्यात गरम पाणी घातलं, वर मिरपूड टाकली आणि त्याला सूप असं नाव दिलं. मामांनी एक चमचा घेतला आणि डोळे मिटले. उरलेलं साहेबांनी डबे भरून शेजारी वाटलं.

"वा! काय दाट झालंय!" सेक्रेटरी म्हणाले. सभ्य माणूस. डबा त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

दुसऱ्या दिवशी साहेब सावध होते. ठरवलेल्या शिट्ट्या मोजायच्या आणि गॅस बंद करायचा. नेमकी त्या दिवशी मामांना तहान लागली. त्यांनी एकदा शिट्टी वाजवली, कुणी आलं नाही, म्हणून पुन्हा वाजवली, मग जरा चिडून पुन्हा. साहेबांनी स्वयंपाकघरात बोटांवर मोजलं, समाधानाने गॅस बंद केला. त्या दिवशीचा मसूर कांदा, काकडी घालून कोशिंबीर म्हणून वाटला गेला. दाणे सुरेख दिसत होते, हिरवे, टपोरे, एकमेकांपासून वेगळे. छर्‍यांसारखे. संध्याकाळी सेक्रेटरी गाल धरून दातांच्या डॉक्टरांकडे बसलेले दिसले. डॉक्टर साहेबांना जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "करत राहा, काटेसाहेब. सोडू नका."

तिसऱ्या खेपेला साहेबांनी ठरवलं, आता एकदाच काय तो असा स्वयंपाक करायचा, की सगळ्या इमारतीला पुरून उरेल. (शब्द जपून वापरावेत म्हणतात ते उगाच नाही.) वहिनींचं सगळ्यात मोठं पातेलं काढलं, त्यात काठोकाठ मसूर घातला. चव यावी म्हणून पहिल्यापासूनच भरपूर टोमॅटो घातले आणि लिंबं पिळली. आता आंबट आधी घातलं की मसूर हट्टाला पेटतो, कितीही उकळा, मऊ होत नाही. हे वहिनींना ठाऊक होतं, पण त्यांना विचारलं कुणी? दुपार झाली तरी दाणे कडक. साहेब पाणी घालत राहिले. वहिनी डॉक्टरकडे हात दाखवायला गेल्या होत्या. मधेच सेक्रेटरींनी बेल वाजवून पाण्याच्या टाकीवरच्या ठरावाचं वाचन सुरू केलं. ठराव मंजूर होईपर्यंत आतून धूर आला.

पातेल्याचा तळ काळा, मसूर काळा, आणि साहेबांचा चेहराही. पातेलं घासून निघण्यापलीकडे गेलं होतं. डब्यांत भरून वाटण्यासारखं आत काही नव्हतं. बायको यायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. इमारत वामकुक्षीत होती. साहेब मागच्या बागेत गेले, सेक्रेटरींनी गुलाबांसाठी खणून ठेवलेल्या मऊ वाफ्यात एक खड्डा केला आणि पातेल्यासकट सगळा प्रकार पुरून टाकला. पायाने माती सारखी केली. घरी येऊन हात धुतले. माणूस एखादी गोष्ट जमिनीत पुरतो तेव्हा ती मनातही पुरून टाकतो. संध्याकाळी वहिनींनी विचारलं, "माझं मोठं पातेलं कुठे गेलं हो?" तेव्हा साहेब इतक्या निरागसपणे म्हणाले, "कुठलं?" की त्यांचं त्यांनाच खरं वाटलं.

त्या रात्री मामा जेवलेच नाहीत. बिस्किटही नको म्हणाले. सकाळी त्यांना उठून खुर्चीत बसवताना साहेबांच्या हाताला त्यांचं वजन लागलं. आयुष्यभर वजनं उचलणारा हात होता तो. साहेब बाहेर आले, बायकोपुढे बसले आणि म्हणाले, "तू सांग. मी करतो."

वहिनी उठल्या. स्वयंपाकघरात खुर्ची मांडून बसल्या, जशा तलावाच्या काठावर बसत. "कुकर कपाटात ठेवा आधी. आता निवडा. खडे बघा. धुवा. अजून एकदा. कांदा मोठा चिरा, लसूण ठेचा, तमालपत्र घ्या. पाणी भरपूर. मीठ नाही. मीठ नाही म्हटलं ना! आता गॅस बारीक करा आणि उभे राहा."

"किती वेळ?"

"होईपर्यंत."

"अगं पण अंदाजे..."

"एक दाणा काढा आणि खा. तो सांगेल."

साहेबांनी पहिला दाणा खाल्ला. कडक. थोड्या वेळाने दुसरा. आत टणक, बाहेर मऊ. ते पातेल्यापाशी उभे राहून दाणे खात राहिले. आणि मग एक दाणा असा आला, की दाताखाली आला तेव्हा अख्खा होता आणि दाबल्यावर लोणी. ते वळले. वहिनींनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघूनच म्हटलं, "आता मीठ. आता निथळा. आता कांदा लालसर परता, त्यावर घाला, वरून मिरी. लिंबू सगळ्यात शेवटी, गॅस बंद केल्यावर."

बशी मामांपुढे ठेवली. मामांनी वास घेतला. एक चमचा खाल्ला, थांबले. दुसरा खाल्ला. मग बशी रिकामी झाली आणि खोलीभर ऐकू जाईल अशी कुजबूज आली, "अजून आहे?"

साहेबांना काहीतरी बोलायचं होतं. "मामा, तुम्हाला... म्हणजे हे..."

"आवडलं," मामांनी शब्द पुरवला. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

त्यानंतरचे दिवस म्हणजे सोन्याचे. मसुराचा काय स्वभाव असतो हे साहेबांना उमगलं. बिचारा फार समजूतदार. भिजवायची अट नाही, तासन्‌तास खोळंबा नाही, आणि शिजला तरी आपला आकार सोडत नाही. शिजूनही अख्खं राहणं माणसांना कुठे जमतं? त्यांनी तो भातात घातला, वर कुरकुरीत कांदा पसरून. बटाट्याबरोबर कुस्करून त्याची कटलेटं केली, ढोबळी मिरचीत भरला, गाजर आणि पालक घालून खरंखुरं सूप केलं. गार करून काकडीबरोबर, ताज्या पुदिन्याबरोबर वाढला. वहिनी खुर्चीतून सूचना करत, साहेब 'हो' म्हणत, आणि मामा रोज आदल्या दिवसापेक्षा थोडं जास्त जेवत. डबे शेजारी जातच होते. शेजारी कौतुक करतच होते.

पण सुखात मिठाचा खडा पडायचा तो पडलाच. एक दिवस सेक्रेटरी काहीतरी सही घ्यायला आत आले आणि पोत्याकडे बघून म्हणाले, "इतक्यात एवढं खाली गेलं? वजन बरोबर होतं ना आलं तेव्हा? तुम्ही मोजून घेतलंच असेल म्हणा. तुमचं खातंच ते."

साहेबांनी मोजलं नव्हतं. आलेल्या दिवशी लाजेने काटा काढला नव्हता. सेक्रेटरी गेल्याबरोबर त्यांनी खात्याचा प्रमाणित काटा आणला आणि उरलेला मसूर तोलला. रोजचं माप ते मोजूनच घेत, त्यामुळे वापरलेल्याचा हिशोब तोंडपाठ होता. बेरीज केली. पोत्यावर छापलेल्या वजनात चांगलं मोठं पातेलंभर कमी!

साहेबांचं रक्त उसळलं. निरीक्षकाच्याच घरी कमी वजनाचं पोतं? गिऱ्हाइकांचं मग काय होत असेल? 'मोठं पातेलंभर' या शब्दांनी त्यांच्या मनात काही हलायला हवं होतं. हललं नाही. खड्डा खोल खणला होता.

दुसऱ्याच दिवशी ते कचेरीत टेबलाच्या अलीकडून पलीकडे गेले आणि तक्रारदार म्हणून रांगेत उभे राहिले. खिडकीतल्या कारकुनाने त्यांना ओळखलं, पण नियम तो नियम. "तक्रारीवर विभागाच्या निरीक्षकाची सही लागेल."

"विभागाचा निरीक्षक मीच."

"मग करा सही."

साहेबांनी सही केली. कारकुनाने ती पाहिली आणि तक्रार परत सरकवली. "तक्रारदाराला निरीक्षक म्हणून सही करता येत नाही, साहेब."

वरिष्ठांकडे गेलं. वरिष्ठांनी तपास सोपवला तो खात्यात नव्याने आलेल्या बाईंकडे. त्यांना सारं काम खुद्द काटेसाहेबांनीच शिकवलं होतं. पहिल्या दिवशीच त्यांनी बाईंना सांगितलं होतं, "समोर सख्खा बाप असला तरी काटा बघायचा, चेहरा बघायचा नाही." बाईंनी ते मनावर घेतलं होतं.

ठरलेल्या दिवशी बाई घरी आल्या. सोबत मसूर विकणारा व्यापारी. मोबाईलवरच्या त्या चकचकीत दुकानाला पोती पुरवणारा हा एवढासाच माणूस होता, एक गाळा, दोन हमाल. हातातला रुमाल पिळून पिळून त्याची दोरी झाली होती.

"साहेब, परवान्याचा प्रश्न आहे हो. पोती मी स्वतः उभं राहून भरतो. चूक झाली असेल तर कुठे झाली तेवढं दाखवा."

साहेब म्हणाले, "काटा खोटं बोलत नाही," आणि छाती काढून उभे राहिले.

बाईंनी उरलेला मसूर तोलला. मग म्हणाल्या, "सर, आता वापरलेल्याचा जबाब. केव्हा किती शिजवला आणि कोणाला किती दिला. ज्यांना दिला त्यांचेही जबाब लागतील."

शेजाऱ्यांना बोलावणं गेलं. सगळे खुशीत आले, फुकटचा तमाशा कोण सोडतो? पण बाईंनी जबाब घ्यायला सुरुवात केली तशी खुशी मावळली.

"तुम्हाला सूप मिळालं?"

"मिळालं," सेक्रेटरी म्हणाले. "दाट होतं."

"खाल्लंत?"

सेक्रेटरींनी काटेसाहेबांकडे पाहिलं, मग कागदाकडे. सहीच्या कागदावर खोटं बोलणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. "कुंडीत घातलं," ते म्हणाले. "कुंडी वाळली."

दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की आपण कोशिंबीर दवाखान्यात रुग्णांना दाखवायला ठेवली आहे. सेक्रेटरींच्या पत्नी म्हणाल्या, की लुकणाने त्यांनी खरोखरच खिडकीची एक काच बसवली आणि ती अजून हललेली नाही. एकामागून एक कबुल्या येत गेल्या. नंतरच्या चांगल्या डब्यांचंही तेच झालं होतं. पहिल्या दोन खेपांच्या धसक्याने ते कुणी उघडलेच नव्हते. साहेब ऐकत होते आणि त्यांची छाती इंचाइंचाने आत जात होती. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचे खांदे हलत होते.

बाईंनी बेरीज केली. "तरीही एक मोठं पातेलंभर हिशोबात येत नाही. सर, आणखी कुठे वापरलंत?"

व्यापाऱ्याने रुमाल पिळणं थांबवलं.

आणि 'पातेलं' हा शब्द बाईंच्या तोंडून, त्या कोरड्या सरकारी स्वरात ऐकल्यावर काटेसाहेबांच्या मनातली माती सरकली. त्यांना धूर दिसला. गुलाबाचा वाफा दिसला. 'नाही' म्हटलं तर संपलं होतं. कुणीही पाहिलं नव्हतं. ते व्यापाऱ्याकडे बघत राहिले. त्याच्या डोळ्यांत आरोप नव्हता, नुसती भीती होती. साहेबांनी तोंड उघडलं. शब्द येईना.

"सर?"

"ते मी... त्या दिवशी दुपारी... मागच्या..."

खोलीच्या कोपऱ्यातून, फक्त त्यांनाच ऐकू येईल अशी कुजबूज आली, "बागेत."

मामा आतल्या खोलीत बागेकडच्या खिडकीशी बसत. त्यांनी सगळं पाहिलं होतं. इतके दिवस ते अवाक्षर बोलले नव्हते. आताही त्यांनी काही सांगितलं नव्हतं, जावई अडखळला होता म्हणून फक्त शब्द पुरवला होता. पुढचं वाक्य ज्याचं त्यानेच म्हणायचं असतं.

"मागच्या बागेत पुरलं," काटेसाहेब मोठ्याने, स्पष्ट म्हणाले. "तिसऱ्या खेपेला मोठं पातेलं भरून मसूर जाळला आणि पातेल्यासकट पुरला. लाज वाटली म्हणून लपवला, आणि लपवला म्हणून हिशोबात धरला नाही. पोतं बरोबर भरलेलं होतं. तक्रार खोटी आहे. चूक माझी."

सेक्रेटरींनी हळूच विचारलं, "बागेत म्हणजे कुठे?"

"तुमच्या गुलाबाखाली."

सगळी मंडळी बागेत गेली. सेक्रेटरींनी स्वतःच्या हातांनी, डोळ्यांत पाणी आणून, वाफा उकरला. पातेलं वर आलं. बाईंनी निर्विकार चेहऱ्याने ते मापून पाहिलं, आत किती मसूर मावतो ते लिहून घेतलं. हिशोब दाण्यादाण्याने जुळला. वहिनी पातेल्याकडे बघत म्हणाल्या, "हेच का ते 'कुठलं'?"

बाईंनी कागद मिटले. "सर, खोट्या तक्रारीबद्दल तुम्हाला खात्याकडून ठपका मिळेल. मसुदा मलाच करावा लागेल."

"कडक कर," काटेसाहेब म्हणाले. "पुळचट लिहिलास तर मी परत पाठवीन."

बाईंच्या चेहऱ्यावर तेव्हा कुठे माणसासारखं हसू आलं. व्यापारी साहेबांचा हात धरून नुसताच उभा होता. "साहेब," तो म्हणाला, "इतकी वर्षं कुणी असं... आमच्या बाजूने..." मामा तिथे नव्हते, त्यामुळे त्याचं वाक्य अर्धंच राहिलं. पण साहेबांना ते कळलं.

जेवायची वेळ झाली होती. कुणाला जा म्हणवत नव्हतं. साहेबांनी बाह्या सरसावल्या आणि पहिल्यांदाच सगळ्यांच्या देखत मसूर शिजवला. सेक्रेटरी जवळच्या कुंडीकडे आशेने बघत बसले होते, पण पहिल्या घासानंतर त्यांनी खुर्ची टेबलाला लावली. दातांचे डॉक्टर म्हणाले, "धंद्याच्या दृष्टीने वाईट, पण वाढा अजून." व्यापारी खाली मान घालून जेवत होता. जन्मभर हिरवा मसूर विकला, पण घरी कधी नेला नाही म्हणाला. सगळ्यांची ताटं पुसून निघाली तेव्हा मामा लेकीकडे वळले. "तुझा नवरा वाक्य विसरतो," ते म्हणाले. "पण आठवलं की खाली मान घालत नाही. मोठमोठे नट घालताना पाहिलेत मी."

वहिनींनी डाव्या हाताने नवऱ्याच्या ताटात आणखी एक डाव वाढला.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी साहेब स्वयंपाकघरात आले तर मामा ओट्यापाशी उभे. एप्रन बांधलेला, समोर ताटलीत मसूर निवडून ठेवलेला.

"मला आता घरी जायचंय, जावईबापू," ते म्हणाले. "बरा झालोय. पण तिथे पुन्हा बिस्किटं नकोत. शिकवा मला."

साहेबांनी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. खुर्ची ओढली, बायकोसारखे बसले. मामांनी मसूर धुतला, पुन्हा धुतला, कांदा चिरताना नाक ओढलं, गॅस बारीक केला. दोन-तीनदा साहेबांचे हात आपोआप पुढे झाले, ते त्यांनी मांडीखाली दाबून धरले. पाण्याला बुडबुडे येऊ लागले. मामा वाकून वाट बघत राहिले. मग त्यांनी चमच्यावर एक दाणा काढला, फुंकर घालून गार केला आणि जावयापुढे धरला.

"बघा हो. झाला का?"

साहेबांनी चमचा हळूच त्यांच्याकडे परत वळवला.

"तुम्हीच सांगा, मामा."

मामांनी दाणा तोंडात टाकला. डोळे मिटून बराच वेळ चावला. मग चमचा खाली ठेवला आणि शेजारच्या घरातही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "थोडा कच्चा आहे!"